उणे सहाशेपासून निघणारी रेष

उर्दू माध्यमाच्या शाळेत समीकरणाला ‘मसावात’ म्हणतात. हाच शब्द समतेसाठीही आहे. जुम्म्याच्या खुतब्यात आणि निवडणुकीच्या सभेत मसावात म्हणजे माणसामाणसांतली बरोबरी. गणिताच्या तासाला मसावात म्हणजे ‘बरोबर’च्या चिन्हाची डावी आणि उजवी बाजू सारखी असणं. सातवीपर्यंत मी हाच शब्द वापरत होतो. आठवीला मराठी शाळेत आलो, तेव्हा मसावातचं समीकरण झालं, मुतगय्यरचं चल झालं, महवरचा अक्ष झाला आणि मब्दाचा आरंभबिंदू.

माध्यम बदललेल्या मुलांचं गणित भाषेमुळे कच्चं राहतं, असं आमच्याकडे सर्रास सांगितलं जातं. मला ते कधी पटलेलं नाही. शब्द पंधरा दिवसांत बदलतात. ‘चल’ हा शब्द मराठी घरातल्या मुलालाही तितकाच परका असतो, जितका मला होता. त्याने काही आईच्या तोंडून ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ ऐकलेलं नसतं. माझी अडचण झाली तर ती दिशेची. उर्दू पुस्तकात वाक्य उजवीकडून डावीकडे चालतं, मध्येच समीकरण आलं की नजर वळून डावीकडून उजवीकडे जाते आणि समीकरण संपलं की पुन्हा उलटी फिरते. त्यामुळे आलेखाचा कागद पहिल्यांदा समोर आला, तेव्हा मला तो उगाचच आपला वाटला होता. मधे शून्य, उजवीकडे धन, डावीकडे ऋण, वर धन, खाली ऋण. त्याला सगळ्या दिशा चालतात.

हे सगळं पुन्हा उकरायचं कारण आमच्या गल्लीतली दहावीची एक मुलगी. तीही माझ्यासारखीच सातवीनंतर मराठी माध्यमात आलेली. आम्ही सोलापूरचे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी चार-पाच पोरं माझ्याकडे वह्या घेऊन बसतात. मी काही शिक्षक नाही, पण बी.एस्सी.ला गणित होतं आणि आयुष्यभर आकड्यांतच गेलं, तेवढ्या भांडवलावर चाललंय. ही मुलगी मला चाचा म्हणते. तिची अम्मी घरी शाळेचे गणवेश शिवते. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते. पण शाळकरी पोरांच्या हाफ पॅन्टी आणि पिनाफोर शिवणारं हे मोठं गाव आहे आणि त्यातलं पुष्कळ काम अंगावर घेतलेलं, घराघरांत होतं.

मुलीच्या वहीतले आलेख देखणे होते. वर ठळक अक्षरात प्रमाण लिहिलेलं, टोकदार पेन्सिल, अक्षांना बाण. शेजारी तक्ता : पहिल्या ओळीत क्ष, दुसऱ्या ओळीत य, तिसऱ्या ओळीत कंसातली जोडी. (हल्लीच्या पुस्तकांत एक्स-वाय ही इंग्रजी अक्षरं असतात आणि पोरं बोलतातही तसंच. मी इथे जुन्या वळणाने क्ष आणि य लिहितोय, चालवून घ्या.) तीन किमती घ्यायच्या, तीन ठिपके द्यायचे, पट्टी लावायची, रेष मारायची. आलेखाचे गुण म्हणजे हक्काचे गुण, असं शाळेत, क्लासमध्ये, घरात सगळे सांगतात. ते खरंही आहे. म्हणूनच त्याच्याकडे पुन्हा कुणी बघत नाही.

मी तिला क्ष + य = १० ची रेष काढायला सांगितली. तिने (०, १०), (५, ५) आणि (१०, ०) घेतले आणि मिनिटभरात रेष मारली. मी विचारलं, “हे तीन सोडून या समीकरणाचं आणखी एखादं उत्तर सांग.” ती गप्प. जरा वेळाने म्हणाली, “तीनच घ्यायचे असतात ना, चाचा?”

तिच्या लेखी रेष म्हणजे तीन मणी ओवलेला दोरा होता. मणी खरे, दोरा नुसता जोडायला. मी रेषेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, इथे बघ. तिने खाली आणि डावीकडे नजर नेऊन वाचलं : ७ आणि ३. बेरीज १०. आणखी एका जागी : साडेचार आणि साडेपाच. तीही १०. मग रेष उजवीकडे वाढवून अक्षाच्या खाली नेली : १२ आणि उणे २. पुन्हा १०. आता तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसेल असं मला वाटलं होतं. दिसला तो वैताग. ती म्हणाली, “मग यातलं बरोबर उत्तर कुठलं?”

माझ्या मते सुरुवातीच्या बीजगणितातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो विचारायला वर्गात वेळ नसतो. आठवीपर्यंत मुलांनी शेकडो समीकरणं सोडवलेली असतात आणि प्रत्येकाला एक उत्तर असतं. ते आलं की खाली दोन रेघा ओढायच्या. दोन चलं आली की ही शिस्तच मोडते. अट एक आणि अज्ञात दोन, त्यामुळे उत्तरं अगणित. पण अगणित म्हणजे वाटेल ती नव्हेत. मी तिला (५, ६) हा बिंदू द्यायला लावला. तो रेषेच्या वर पडला. बेरीज ११. मग (४, ३). तो खाली. बेरीज ७. मग ती आपणहून ठिपके देत सुटली आणि पाच-सात ठिपक्यांनंतर म्हणाली, वरच्या सगळ्यांची बेरीज दहापेक्षा जास्त येतेय आणि खालच्या सगळ्यांची कमी. म्हणजे कागदाचे दोन मुलूख झाले आणि रेष ही त्यांच्यामधली हद्द. जेवढ्या जोड्या त्या अटीत बसतात तेवढ्या सगळ्या त्या हद्दीवर, एकही बाकी नाही. जी बसत नाही ती त्यावर नाही.

तीन बिंदूंचंही सांगून टाकलं. सरळ रेषेला दोन बिंदू पुरतात. तिसरा घ्यायचा तो पहिल्या दोघांतला कुणी खोटं बोलत असेल तर पकडायला. तिन्ही एका रेषेत आले नाहीत तर कुठेतरी आकडेमोड चुकली आहे. हे तिला फार आवडलं. त्या दिवसापासून तिसऱ्या बिंदूला ती ‘गवाह’ म्हणते.

इथे जरा विषयांतर करतो, कारण बीजगणित म्हटलं की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास येतो : अल्जिब्रा आपला, एक्स आपला, सगळं आपलंच. अल्जिब्रा हा शब्द अरबी ‘अल-जब्र’वरून आला, हे खरंच आहे. बगदादमध्ये खलिफा मामूनच्या काळात, म्हणजे नवव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांनी जे पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच जब्र आणि मुकाबला आहे. जब्र म्हणजे मोडलेलं हाड पुन्हा बसवणं, तुटलेलं भरून काढणं. पण त्या पुस्तकात एक्स नाही आणि आलेखही नाही. चिन्हंच नाहीत. सगळं गणित वाक्यांत लिहिलेलं आहे. अज्ञाताला तिथे ‘शय’ म्हणतात, म्हणजे वस्तू. पुस्तकाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीवर आहे : नवरा, मुली, भाऊ, कर्ज, मृत्युपत्र. घरातल्या भांडणांवर उपाय म्हणून लिहिलेलं ते गणित आहे, आणि मला त्याचं मोठेपण तिथे वाटतं. शयपासूनच आजचा एक्स आला, या गोष्टीला कागदोपत्री आधार नाही; ज्ञात राशींना सुरुवातीची अक्षरं आणि अज्ञातांना एक्स, वाय, झेड ही रूढी देकार्तच्या १६३७ च्या पुस्तकाने पक्की केली. आपलं म्हणून मिरवायला जे खरं आहे ते पुष्कळ आहे. ओमर खय्याम रुबायांमुळे माहीत असतात, पण घन समीकरणाचं उत्तर दोन वक्ररेषा एकमेकींना छेदतात त्या बिंदूत शोधायचं, ही पद्धत त्यांनी सविस्तर मांडली होती. छेदबिंदू हेच उत्तर, ही कल्पना इतकी जुनी आहे.

आणि ऋण संख्या आपल्या इथेही जुन्या. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम लिहून ठेवले. धन म्हणजे जवळ असलेला पैसा, ऋण म्हणजे कर्ज. मराठी मुलगा ‘ऋण संख्या’ म्हणतो तेव्हा तो खरं तर ‘कर्जाची संख्या’ म्हणत असतो, फक्त त्याला ते कुणी सांगत नाही. त्यानंतर हजार वर्षांनीही देकार्त समीकरणाच्या ऋण उत्तरांना ‘खोटी’ म्हणत होता. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चा फारसी अनुवाद शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, अताउल्लाह रशीदी यांनी केला, ताजमहालाचे वास्तुकार म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्या उस्ताद अहमद लाहौरींचे ते चिरंजीव. म्हणजे इकडे बीजगणित संस्कृतातून फारसीत जात होतं, त्याच दशकात तिकडे फ्रान्समध्ये फर्मा नावाचा एक न्यायाधिकारी फावल्या वेळात लिहून ठेवत होता की, दोन अज्ञातांचं पहिल्या घाताचं समीकरण म्हणजे सरळ रेष. आज नववी-दहावीत जे शिकवतात ते बरोबर हेच. फर्माचं ते लिखाण छापून आलं १६७९ मध्ये, तो गेल्यानंतर चौदा वर्षांनी. देकार्तचं आधी छापलं गेलं म्हणून नाव त्याचं झालं. गंमत म्हणजे आपल्या पुस्तकात असतात तसे एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन अक्ष देकार्तच्या पुस्तकात सापडत नाहीत. ते पुढच्यांनी हळूहळू बसवले. असो. कुणा एकाचं असं हे कधीच नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे.

दिवाळीनंतर मुलीच्या अम्मीकडे ठेकेदार आला. आजवर ती स्वतःच्या पायाच्या मशीनवर त्याचा कापलेला माल शिवायची, नगाला ८ रुपये. त्याचं म्हणणं असं : माझं विजेवरचं नवीन मशीन तुमच्या घरी ठेवतो. त्याची शिलाई एकसारखी येते, मोठ्या दुकानांचा माल त्यावर चालतो, म्हणून नगाला ११ रुपये देईन. मशीनचं भाडं आठवड्याला ६०० रुपये, हिशेबातून कापून घेईन. आणि माझ्या मशीनवर काम फक्त माझंच करायचं.

भाभी विचारात पडल्या. आठवर तीन वाढून मिळतायत हे दिसत होतं, सहाशे जातायत हेही दिसत होतं. गल्लीतल्या बायकांपैकी निम्म्या म्हणत होत्या घे, निम्म्या म्हणत होत्या नको. मुलगी संध्याकाळी वही घेऊन आली आणि म्हणाली, “चाचा, हे आपल्या धड्यातलं आहे ना?”

धड्यातलंच होतं. आठवड्याला क्ष नग शिवले आणि हातात य रुपये आले, असं धरलं तर पायाच्या मशीनचं समीकरण य = ८क्ष आणि नव्या मशीनचं य = ११क्ष − ६००. समीकरणं तिने स्वतः मांडली. मला फक्त प्रमाणाबद्दल बोलावं लागलं, कारण पुस्तकातली उदाहरणं अशी शिजवलेली असतात की १ सेंटिमीटर = १ एकक म्हटलं की सगळं कागदावर मावतं. इथे शेकड्यांत आकडे. बराच वेळ खोडाखोड करून तिने आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर = २० नग आणि उभ्यावर १ सेंटिमीटर = २०० रुपये असं ठरवलं. मग तक्ते. पहिल्या रेषेला (०, ०), (१००, ८००), (२००, १६००). दुसरीला (०, −६००), (१००, ५००), (२००, १६००).

(०, −६००) हा बिंदू देताना तिचा हात थांबला. “शून्य नग शिवल्यावर उणे सहाशे कसे येतील? पैसे उणे कसे असतात?” मी काही बोलायच्या आत पलीकडे बसून काज करत असलेल्या भाभी म्हणाल्या, “असतात.” ब्रह्मगुप्तांना जे सांगायचं होतं ते त्यांनी एका शब्दात सांगितलं. आजारपण आलं, माल आला नाही, एकही नग झाला नाही, तरी आठवड्याअखेरीस सहाशे रुपये अंगावर.

पहिली रेष आरंभबिंदूतून निघत होती, दुसरी त्याच्या तीन सेंटिमीटर खालून. पण दुसरी जास्त उभी होती. आपण ज्याला रेषेचा चढ म्हणतो तो इथे सरळ नगाचा दर होता : एकीचा ८, दुसरीचा ११. (उर्दूत याच गोष्टीला ढलान म्हणायचे, म्हणजे उतार. रेष तीच, उभं कुठे राहून बघता यावर आहे.) चौपन्न आणि पंचावन्न नगांच्या मधे दुसरी रेष आडव्या अक्षाला छेदून वर आली. म्हणजे पहिले चौपन्न नग ठेकेदाराच्या मशीनसाठी, पंचावन्नाव्यापासून घरासाठी. आणि २०० नगांवर दोन्ही रेषा एकमेकींना भेटल्या, १६०० रुपयांवर. त्याच्या पुढे नवी रेष वर, त्याच्या मागे जुनी वर.

मुलीने पुस्तकात असतं तसं उत्तर लिहिलं, (२००, १६००), आणि खाली दोन रेघा ओढल्या. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळाले असते. पण भाभींनी वही ओढून घेतली. चौथीपर्यंत शिकलेली बाई. आलेख कधी बघितलेला नव्हता. बोट ठेवत ठेवत त्यांनी विचारलं, या पहिल्या रेषेवर मी २०० वर कशी पोचणार? पायाच्या मशीनवर आठवड्याला दीडशेच्या वर नग होत नाहीत, गुडघे राहत नाहीत.

बरोबर होतं. मुलीने १५० वर एक उभी रेष मारली : क्ष = १५०. वर्गात हा प्रकार पोरांना सगळ्यात अवघड जातो. य कुठे गेला, म्हणून विचारतात. य काहीही असो, क्ष हलत नाही, एवढंच त्या समीकरणाचं म्हणणं असतं. इथे त्याचा अर्थ भाभींचे गुडघे. ती उभी रेष य = ८क्ष ला जिथे छेदत होती तिथे १२०० रुपये होते, म्हणजे त्यांची आजची भरगच्च आठवड्याची कमाई. तिथून मी एक आडवी रेष काढायला सांगितली, य = १२००. ती नव्या मशीनच्या रेषेला १६३ आणि १६४ च्या मधे छेदत होती. म्हणजे आज जेवढं मिळतं तेवढं मिळायला नव्या मशीनवर १६४ नग शिवावे लागतील. विजेच्या मशीनवर ते सहज होतात, अडीचशेही होतात, आणि अडीचशेला २१५० रुपये येतात. १२०० कुठे आणि २१५० कुठे. कागद आता ठेकेदाराच्या बाजूने बोलायला लागला होता, आणि मुलगी खूश झाली. वीजबिल वाढेल हे मी मधे घातलं, तर तिने लगेच सांगितलं, मग चढ अकरापेक्षा थोडा कमी धरू, रेष जरा झोपेल, पण अडीचशेला तरी वरच राहील. तिचं आलेखाशी बोलणं सुरू झालं होतं.

भाभी मात्र आडव्या अक्षाकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, “भाई, ये एक्स कौन ठैराता?”

मी बी.एस्सी. झालो, बँकेत कर्जाची शेकडो प्रकरणं बघितली. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पुस्तक म्हणतं, क्षच्या कोणत्याही किमती घ्या. शिवणाऱ्या बाईला ती मुभा नाही. आठवड्याला किती माल घरात टाकायचा हे ठेकेदार ठरवतो. मार्चपासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत माल वाहतो, रात्री बारा-बारापर्यंत मशीन चालतं. दिवाळीनंतर आठवड्याला ८० नग आले तरी पुष्कळ. मुलीने ८० वर बोट ठेवलं आणि वर वाचत गेली : जुन्या रेषेवर ६४०, नव्या रेषेवर २८०. शिवाय मंदीत भाभी शेजारणींचे ब्लाऊज, पडदे, उशांचे अभ्रे शिवून चार पैसे मिळवतात, ते ठेकेदाराच्या मशीनवर बंद.

त्या रात्री मुलीने तिसरी रेष काढली. कल्पना भाभींची होती : भाडं नकोच, मशीन ठेवा आणि नगामागे २ रुपये तुम्हीच कापून घ्या. अकरातून दोन गेले, य = ९क्ष. ही रेषही आरंभबिंदूतून निघाली, जुनीच्या जराशी वरून चालली, आणि ठेकेदाराच्या रेषेला भेटली ती थेट ३०० नगांवर, कागदाच्या उजव्या कडेजवळ. तीनशेच्या आत कुठेही ही रेष भाभींना जास्त देत होती. माल नसेल तर दोघांनाही शून्य.

ठेकेदार पुढच्या जुम्म्याला आला. भाभींनी त्याला आलेख वगैरे दाखवला नाही, तोंडीच सांगितलं. तो म्हणाला, भाडं ते भाडं, मशीनचा हप्ता मलाही दर महिन्याला भरायचा आहे. मग भाभी म्हणाल्या, ठीक आहे, तर आठवड्याला २०० नग देईन असं कागदावर लिहून द्या. तो हसला. म्हणाला, शाळांच्या आणि दुकानांच्या ऑर्डरी काय माझ्या हातात आहेत?

मला त्याचं हे बोलणं खोटं वाटलं नाही. क्ष त्याच्याही हातात नव्हता. त्याच्याकडेही कुठेतरी असाच एक आलेख असणार, उणे हप्त्यापासून निघणारा. फक्त आपल्या उण्याचे तुकडे करून ते चार घरांत ठेवायची सोय त्याच्याकडे होती, भाभींकडे ती नव्हती.

मशीन आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका घरी गेलं. मार्चपासून तिथे रात्रंदिवस आवाज यायचा. ती बाई आठवड्याला २४०, कधी २६० नग काढत होती. २६० ला २२६० रुपये होतात. तिने सीझनमध्ये थोरल्याची फी भरली, घरावर नवे पत्रे घातले. भाभींनी आपल्या पायाच्या मशीनवर दीडशेच शिवले आणि उन्हाळ्यात दोन-तीनदा बोलून दाखवलं की, घेतलं असतं तर. मुलगी तेव्हा परीक्षा देऊन मोकळी झाली होती. ती वही उघडून दाखवायची की मार्च ते जून ती रेष वरच असणार होती, ते आपण बघितलंच होतं, आता दिवाळीनंतरचंही बघायचं आहे. भाभी म्हणायच्या, तुझ्या वहीला गुडघे नाहीत.

गणपतीच्या सुमाराला ती बाई स्वतःच माझ्याकडे आली. हातात शाळेची अर्धी वापरलेली वही. त्यात दर आठवड्याचे नग आणि कापून हातात आलेले पैसे लिहिलेले. गेल्या काही आठवड्यांचे आकडे ११०, ९०, ७० असे उतरत आले होते. शेवटच्या आठवड्यात ४५, आणि पुढे पैशांच्या जागी ठेकेदाराच्या अक्षरात ‘बाकी १०५’. त्याने हिशेबात काही गडबड केली आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं.

मुलगी तिथेच होती. तिने मागच्या वर्षीचा तो आलेख काढला, ४५ वर बोट ठेवलं आणि खाली सरकवत नेलं. हिशेब बरोबर होता. पेन्सिल घेऊन तिने रेषेवर ठिपका दिला, आरंभबिंदूच्या उजवीकडे, आडव्या अक्षाच्या खाली, चौथ्या चरणात. मग त्या बाईंच्या वहीतले बाकीचे आठवडे एकेक करून द्यायला घेतले.